पेठच्या डोंगरात दुभाष्याचे काम

नाशिक

पेठ रस्त्याने नाशिककर रामशेजपर्यंत जातो, किल्ला चढतो, डबा खातो आणि परततो. त्यापलीकडे बदली झालेले शिक्षक आणि तलाठी जातात, तेही बदली रद्द होईपर्यंत. यंदा मार्गशीर्षात मला त्या रस्त्याने पार तालुक्याच्या टोकापर्यंत जावे लागले. तिकडे न गेलेल्यांसाठी ही हकीकत. पाड्याचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

जाण्याचे कारण स्पॅनिश भाषा. मुंबईला नोकरीत असताना दोन हिवाळे मी ती संध्याकाळच्या वर्गात शिकलो होतो. नाशिकला आल्यावर तिचा उपयोग एकदाच झाला. जून-जुलैत स्पेनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू असताना खेळाडूंची नावे देवनागरीत कशी लिहायची, हे पेपरच्या कचेरीतले लोक मला विचारत. त्यावरून कुणीतरी कुणाला सांगितले असावे. एके दुपारी सिस्टर रेजिना कचेरीत येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. चाळिशीच्या, वसईकडच्या, मराठी स्वच्छ.

त्यांच्या संस्थेचा एक लहान दवाखाना पेठच्या डोंगरात आहे. तो सिस्टर अमालिया चालवत. त्या जन्माने स्पॅनिश, वय सत्तरीच्या पुढे, आणि तीसएक वर्षे त्याच पाड्यावर. पावसाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काही आठवड्यांनी वाचा परतली, पण फक्त स्पॅनिश परतली. मराठी आणि तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली त्यांना समजते, तोंडातून मात्र येत नाही.

"मला नेमकं काय करायचंय?" मी विचारले.

"त्या काय बोलतात ते सांगायचं. आमचा नियम असा, की काम होत नाही त्या सिस्टरने आपल्या देशातल्या घरी परत जायचं. त्यांचं जाणं ठरलंय. पण त्यांच्या मनात काय आहे, हे मला कळलेलं नाही."

"मनात नसलं तर?"

"तर त्या तसं मागू शकत नाहीत. आमच्यात स्वतःसाठी काही मागत नाहीत. एकच सवलत आहे. जिथे राहिल्या तिथल्या लोकांनी तोंडाने राहा म्हटलं आणि सिस्टरने होकार दिला, तर मी वर कळवू शकते. मी स्वतः ऐकलं पाहिजे, एवढंच."

सावळघाट

जीप संस्थेची. चालक रंगनाथ सिन्नरचा, गाड्या दुरुस्त करायला देवळाली कॅम्पात शिकलेला. घाट लागल्यावर त्याने मागे वळून सांगितले, "साहेब, तुम्ही पेपरवाले ना? मग बातमी घ्या. आत्ता डांबर दिसलं होतं."

"पुढे बघ," सिस्टर रेजिना म्हणाल्या.

"पुढे नाही शिस्टर, मागेच होतं."

घाट संपता संपता चाक बसले. रंगनाथने स्टेपनी काढली. तीही बसलेली होती.

"परवाच पंक्चर काढलं म्हणालास ना?"

"काढलं शिस्टर. ते ह्याचं नव्हतं."

एस. टी. आली. कंडक्टरने काही न विचारता चाक टपावर घेतले आणि रंगनाथही चाकाबरोबर पेठला गेला. तो परत येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या एका झोपडीवजा हॉटेलात बसलो. नागलीची भाकर, उडदाचे भुजे म्हणजे पातळ कालवण, खुरासणीची चटणी आणि गूळ घातलेला कोरा चहा मिळाला. नाशिकमध्ये बिनदुधाचा चहा पुढे केला तर पाहुणा वर्षभर ते सांगत फिरेल. इथे गोठ्यात दोन गाई बांधलेल्या होत्या. दूध नाही का, असे विचारल्यावर हॉटेलवाली म्हणाली, "हाय की. वासरू पितं."

त्यापुढचा मुलूख उघडाबोडका होता. भाताची खाचरे कापून झालेली, उतारांवर नागलीची रचून ठेवलेली उडवी, सागाची पाने करपून खाली पडलेली. माणसे क्वचित दिसली. डोक्यावर मोळी असलेल्या बायका जीप आली की तोंड फिरवून उभ्या राहत आणि धूळ बसली की चालू लागत.

पाडा

घरे वीसपंचवीस, कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि पुढे ओटा. पाड्यावर बाप्ये दिसत नव्हते. ते डोंगऱ्यादेवाच्या नेमाला बसले होते. गावाबाहेरच्या खळ्यावर त्यांचे वास्तव्य असते. तिथेच नाचायचे, तिथेच निजायचे आणि नेम पुरा होईपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाही. पावरी या त्यांच्या भोपळ्याच्या वाद्याचा एकसुरी आवाज दिवसभर ऐकू येत होता. आमच्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की पाड्याच्या वतीने जे काही बोलायचे ते बायकांनी.

दवाखान्यात भागीबाई होती. साठीची, हाडापेराने मजबूत. तरुणपणी ती सापाने दंश केलेले मूल घेऊन इथे आली होती. मूल वाचले नाही. भागीबाई परत सासरी गेली नाही. तेव्हापासून ती आणि सिस्टर अमालिया एका चुलीवर जेवतात. सिस्टरला ती 'बाय' म्हणते आणि अगं-तुगं करते.

"तू कोन? डागतर?" तिने मला विचारले.

"नाही. बाय जे बोलते ते मला समजतं."

"समजतं?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुझ्याकडं बघून वाटत नाय."

आतल्या खोलीत खाटेवर सिस्टर अमालिया होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, उजवा हात पांघरुणावर ठेवून दिल्यासारखा. डोळे मिटलेले होते आणि ओठ चालू होते.

"दिसभर असंच," भागीबाई म्हणाली. "तिच्या देवाचं म्हनते. ती म्हनाया लागली का मीबी हात जोडून बसते. दोघींचं होऊन जातं."

मी स्टूल ओढून ऐकू लागलो. मे लेबान्तारीआ. मे लाबारीआ. मे पेइनारीआ. मे सेन्तारीआ. प्रत्येक शब्दानंतर एक श्वास. लय जपाचीच होती, पण ती प्रार्थना नव्हती. उठणे, धुणे, विंचरणे, बसणे अशी माणूस स्वतःची जी कामे करतो त्यांच्या आधी त्या भाषेत 'मे' लागतो. शेवटचा 'रीआ' हे सांगतो की काम झालेले नाही. झाले असते, काही एक असते तर. मराठीत हे असे होईल: उठले असते. तोंड धुतले असते. केस विंचरले असते. ओट्यावर जाऊन बसले असते. वर्गात आमचे मास्तर ही रूपे फळ्यावर लिहून आमच्याकडून घोकून घेत. खाटेवरून ती पहिल्यांदा ऐकली.

सिस्टर अमालिया त्याच क्रमाने संबंध दिवस सांगत होत्या. ओट्यानंतर रोगी, रोग्यांनंतर ओढ्यावर आंघोळ, मग भागीबरोबर चुलीपाशी बसणे. शेवटी 'मे केदारीआ', म्हणजे राहिले असते. तिथे त्या थांबल्या. पुढे काही येईल म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पुन्हा उठण्यापासून सुरुवात केली.

मी भागीबाईला सांगितले.

"म्हंजे देवाचं नाय?"

"नाही."

"अन् मी रोज हात जोडते." ती हसली आणि लगेच खाटेकडे वळली. "आंघोळीचं काय म्हनते? मी घालते की रोज. पानी गार लागतं का, इचार तिला."

विचारण्याची गरज नव्हती. सिस्टर अमालियांनी डोळे उघडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी स्पॅनिशमधून नमस्कार सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. पाणी ठीक असते, त्या म्हणाल्या. पण भागी डोके असे घासते, जणू तवा आहे.

मी ते सांगितले.

"सांग तिला, तव्यावर जास्त केस असत्यात," भागीबाई म्हणाली.

डाव्या बाजूचे हसू बराच वेळ टिकले. सिस्टर रेजिना दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली आणि मी ठरलेला प्रश्न विचारला: स्पेनला जायची तुमची तयारी आहे का?

उत्तर आले, "मे केदारीआ."

"राहिले असते, असं म्हणाल्या," मी सांगितले.

"असते म्हणजे? काय असतं तर?"

मी तेही विचारले. ते सांगणे माझ्याकडे नाही, असे त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे पाहू लागल्या.

दुसरा दिवस

सकाळी सिस्टर रेजिना मला घेऊन भागीबाईकडे गेल्या. ती जात्यावर नागली दळत होती.

"भागीबाई, उद्या सकाळी आम्ही निघणार. त्याआधी सगळ्या बायकांना बोलवा. त्यांच्यासमोर तुम्ही बायला राहा म्हणा. बायने मान हलवली की मी तिला नेणार नाही."

जाते थांबले. "कोनाला रहा म्हनू?"

"बायला."

"ती तं ऱ्हातेच हाय."

"हो, पण तोंडाने म्हणायचं."

"शिस्टर, घरच्या मानसाला रहा म्हनत्यात का? तू तुझ्या आयला म्हनती? आये, रहा आजच्या दिस, जेवून जा?" तिने सिस्टर रेजिनांच्या स्वच्छ मराठीची नक्कल केली. मागे दोन बायका भात पाखडत होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग तिने आम्हाला समजावून सांगितले, लहान मुलांना सांगावे तसे. पाहुणा निघाला की घरची बाई त्याला तीनदा राहा म्हणते. पाहुणा तिन्ही वेळा नाही म्हणतो, शेवटी नमस्कार करतो आणि निघतो. तिसऱ्यांदा म्हटल्यावर जो खरोखरच बसून राहिला, त्याला लाज नाही असे समजतात. थोडक्यात, राहा म्हणणे हा निरोप देण्याचाच भाग आहे. आपल्याकडेही आग्रह असतो, पण आपला पाहुणा कधीकधी राहतो आणि यजमानाची पंचाईत करतो. इथे ती सोय नाही.

"बायला हे माहीत आहे?" मी विचारले.

"माहीत? पाड्यातल्या पोरींना तीच शिकवायची, कोनाला कवा काय म्हनायचं. एकदा मीच चुकून पाहुनीला तीनदाचं दोनदाच म्हनले तं चार दिस बोलली नाय माझ्याशी."

सिस्टर रेजिना ओट्यावर बसल्या. पुरुषांपैकी कुणी म्हणू शकेल का, याची त्यांनी चौकशी केली. नेम संपायला अवकाश होता आणि नेमात असलेला माणूस या कामाला घराच्या उंबऱ्यापर्यंत येणार नव्हता. थांबता येईल का, असे मी विचारले. मुंबईहून पुढच्या प्रवासाची तारीख ठरलेली होती, सोबत जाणारी नर्सही ठरलेली होती.

दुपारी मी सिस्टर अमालियांपाशी बसून सगळे स्पॅनिशमधून सांगितले. नियम त्यांना आमच्याहून जास्त माहीत होता. उद्या भागी विचारेल, तुम्ही फक्त मान हलवा, असे मी म्हणालो. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले.

"भागी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्या माणसाची खात्री द्यावी तसे त्या बोलल्या. आल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

हे मी सिस्टर रेजिनांना शब्दशः सांगितले.

"म्हणजे न विचारलं तर घरचं धरलं म्हणून त्यांना बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि उद्या मला त्यांना जीपमध्ये घालावं लागेल."

"हो."

त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "त्यांच्याकडूनच मी इंजेक्शन द्यायला शिकले. ह्याच ओट्यावर."

भागीबाईलाही सांगणे भाग होते. ती जात्याचा खुंटा धरून ऐकत राहिली.

"मी नाय म्हनले तरी नेनार?"

"नेणार."

"अन् म्हनले तर?"

"बायने हो म्हटलं तर राहील."

"बाय हो म्हननार नाय. कोन म्हनतं हो?" ती पीठ गोळा करू लागली. एकाच जागचे पीठ तिने पुन्हा पुन्हा गोळा केले. "न म्हनता तरी कशी जाऊ देऊ, सांग तू."

मला दोन्ही भाषा येत होत्या, त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी जेवायला भात, सुकटीचे कालवण आणि नागलीची भाकर होती. भागीबाईने आधी सिस्टर अमालियांना भरवले, त्यांचे तोंड पदराने पुसले आणि मग त्याच ताटात स्वतः जेवली. पाड्यातल्या दोनतीन बायका येऊन बसल्या. बोलणे नागलीच्या पिकावर चालले होते. निघण्याचा विषय कुणी काढला नाही.

निघताना

सकाळी थंडी चांगलीच होती. रंगनाथने जीपच्या मागच्या बाजूला गवताची गादी केली आणि खाट उचलायला चौघी बायका आल्या. खाट ओट्यावर ठेवली. पाड्यातल्या पंधरावीस बायका अंगणात उकिडव्या बसल्या. सिस्टर अमालिया सगळ्यांकडे एकेक करून पाहत होत्या. त्या शांत होत्या. एका मुलीच्या कडेवरच्या पोराकडे पाहून त्यांनी जीभ काढली.

भागीबाई आतून आली. तिने धुतलेले लुगडे नेसले होते. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, उशाशी नाही.

"रहा बाय आजच्या दिस," ती म्हणाली.

अंगणातली कुजबुज थांबली. सिस्टर अमालियांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. ऐकू आले नसावे असे मला वाटले. पण ऐकू आले होते. त्या माझ्याकडे वळल्या आणि मी काही बोलण्याआधी पुन्हा भागीबाईकडे.

"रहा बाय, जेवून जा."

पहिल्या दोन्ही वेळा तिने ते पाहुण्याला म्हणतात त्याच सुरात म्हटले. दुसरा सूर त्या वाक्याला असतो, हे तिला माहीत नसावे. तिसऱ्या वेळी ती अडखळली. ती खाटेच्या बाजूने चार पावले पुढे आली, उशापाशी खाली बसली आणि भराभर बोलली, "रहा बाय. खरंच रहा. पाहुनी म्हनून नाय म्हनत मी. ह्या शिस्टरला ऐकाया पायजे म्हनून म्हनते. तू नुसती मान हलव. मला उचलाया जड नाय तू. हलव ना मान."

सिस्टर रेजिना पुढे वाकल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होतो.

सिस्टर अमालियांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. बोटे जुळवून, अंगठा छातीला लावून तो त्यांनी भागीबाईसमोर धरला. उजवा हात उठत नसल्याने नमस्कार अर्धाच होता. पण तो नमस्कार होता. त्या पाड्यावर एका घरातली माणसे एकमेकांना नमस्कार करत नाहीत.

बायका उठू लागल्या. त्यांच्या लेखी निरोप झाला होता.

"काय म्हणाल्या?" सिस्टर रेजिनांनी मला विचारले.

"काही बोलल्या नाहीत."

"पण हा निरोपच ना?"

"हो."

"मान हलवली नाही. तुम्हीही पाहिलं."

"नाही हलवली."

त्यांनी रंगनाथला खूण केली. बायकांनी खाटेवरून सिस्टर अमालियांना उचलून गादीवर ठेवले. त्या डोळे मिटून होत्या. सिस्टर रेजिना त्यांच्या उशाशी बसल्या, मी मागच्या फळीवर. रंगनाथ पहिल्या गियरमध्ये निघाला.

भागीबाई जीपबरोबर चालू लागली. तिचा एक हात मागच्या कडीवर होता. उतार खडकाळ होता, तिच्या पायात काही नव्हते. सिस्टर रेजिनांनी दोनदा तिला थांबायला सांगितले.

"भागीबाई, पुरे आता. पाय फुटतील."

"पाहुन्याला वहळापोतर पोचवावं लागतं," ती म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाकडेही पाहत नव्हती.

वहळ पाड्याच्या खाली होता, पाणी घोट्याएवढे. तिथे पोहोचल्यावर तिने कडी सोडली. जीप पाण्यात उतरली, पलीकडच्या दरडीवर चढली आणि वळली. भागीबाई अलीकडच्या काठावर उभी होती. त्यापुढे पोचवायची रीत नाही.